सिनेमा पाहून आलात, तर आधी काय पाहिलंत ते सांगा

नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल आवर्जून बोलणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सर्व रसिकांना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलीच एक आहे. नवा सिनेमा लागला की कोण काय म्हणतंय हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुमच्या शब्दावर विसंबून मी कितीतरी सिनेमे पाहिले, कितीतरी टाळले, आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात तुमचे आभारच मानले. ना जाहिरात ना मोठं नाव, असा एखादा आडबाजूचा सिनेमा केवळ कुणीतरी कळकळीने चार ओळी लिहिल्या म्हणून माझ्यापर्यंत पोचला, असं अनेकदा झालंय. त्यामुळे हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. माझं एक मागणं आहे, आणि ते मला माझ्या मावशीमुळे सुचलं.

मावशीला काचबिंदू आहे. या दुखण्यात नजर कडांकडून आत आत जात राहते. ती म्हणायची, "पडदा दोन्ही बाजूंनी कुणीतरी ओढून घेतंय." आधी मागच्या घोळक्यातली माणसं गेली. मग बोलणाऱ्याच्या समोर उभा असलेला माणूस गेला. मग मधोमध एक चेहरा तेवढा उरला, आणि तीन वर्षांपूर्वी तोही गेला. आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. सिनेमाचं वेड मात्र तसूभरही कमी झालेलं नाही. संध्याकाळ झाली की तिचा ठरलेला प्रश्न येतो, "नवीन काय आलंय? लोक काय म्हणतायत?" मग मी शेजारी बसून तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवते.

एकदा अशीच एका सिनेमाबद्दलची अकरा मतं मी ओळीने वाचली. मावशी शांतपणे ऐकत होती. शेवटचं वाचून झाल्यावर म्हणाली, "बरं. सात जणांना आवडला, चौघांना नाही. पण अगं, त्यात दिसतं काय?"

मी पुन्हा वरपासून वाचलं. 'अप्रतिम.' 'एकदा बघायला हरकत नाही.' 'पहिला भाग पकड घेतो, मध्यंतरानंतर ढेपाळतो.' 'संथ आहे, पण छान आहे.' 'सगळ्यांचाच अभिनय कसदार.' 'डोक्यावरून गेला.' 'पाचपैकी साडेतीन.' अकरा माणसांनी दोन-दोन तास घालवून तो सिनेमा पाहिला होता, आणि तो दिवसा घडतो की रात्री, घरात घडतो की रस्त्यावर, एवढंसुद्धा त्या अकरा मतांतून कळत नव्हतं. ती सगळी उचलून दुसऱ्या कुठल्याही सिनेमाखाली चिकटवली असती, तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

अगदी खाली एक बारावं मत राहून गेलं होतं. तीनच ओळींचं. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की सिनेमा काही त्याला फारसा आवडला नाही. पण वडील गेल्यावर मुलगा त्यांचा शर्ट घडी घालायला घेतो, सवयीने गळ्यापाशी असलेलं वरचं बटण लावतो, आणि मग थांबून ते काढतो, कारण वडील ते बटण कधीच लावायचे नाहीत. एवढं एक दृश्य आपल्या डोक्यातून जात नाही, असं त्याने लिहिलं होतं.

मावशी सावरून बसली. "पुन्हा वाच." मी वाचलं. तिने दोन्ही हातांनी हवेत बटण लावलं, थांबली, काढलं. "शर्ट कुठल्या रंगाचा?" ते लिहिलेलं नव्हतं. पुढचे चार दिवस ती त्या शर्टाबद्दलच बोलत होती. शेवटी म्हणाली, "हा सिनेमा लाव. मला ऐकायचाय." ज्याला सिनेमा आवडला नव्हता, त्याच्या शब्दांनी तिला तो बघावासा वाटायला लावला होता. आवडलेल्या सात जणांना ते जमलं नव्हतं.

माझं मागणं एवढंच आहे. मत द्या, जरूर द्या, हिरिरीने द्या. पण त्याच्याबरोबर त्या सिनेमात तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली एक गोष्ट सांगा. एकच पुरे. ती त्या सिनेमाचीच असावी, दुसऱ्या कशालाही लावता येऊ नये.

हे वाटतं तितकं सोपं नाही, हेही मला त्याच आठवड्यात कळलं. मावशीसोबत तो सिनेमा लावला. संवाद तिला ऐकू येतातच, मधलं मी सांगायचं असं ठरलं. पहिली पाच मिनिटं संपायला आम्हाला अर्धा तास लागला. मी म्हणाले, "एक बाई खिडकीशी उभी आहे." मावशीने विचारलं, "खिडकी उघडी की बंद?" मी थांबवून पाहिलं. बंद. "बाहेर उजेड आहे?" आहे. "मग तिचा चेहरा कसा दिसेल?" आणि खरंच, चेहरा दिसत नव्हता. उजेड पाठीमागून येत असल्यामुळे तिची नुसती काळी आकृती उभी होती. ती बोलत होती ते वाक्य साधं होतं, हसून म्हटल्यासारखं. मावशी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आवाज हसतोय, पण ती हसतेय का ते आपल्याला बघू देत नाहीयेत."

मी तो सिनेमा आधी एकदा पाहिला होता. पाचपैकी साडेतीन गुण देणारी मीच होते. ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती आणि मला दिसली नव्हती.

अंध प्रेक्षकांसाठी काही सिनेमांना आणि मालिकांना ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे श्राव्य वर्णन, जोडलेलं असतं. दोन संवादांच्या मधे जी दोन-तीन सेकंदांची फट मिळते, तेवढ्यात पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज सांगतो. हे लिहिणाऱ्यांना शिकवला जाणारा पहिला धडा असा, की दिसतं ते सांगा, त्याचा अर्थ ऐकणाऱ्याला लावू द्या. 'ती अस्वस्थ आहे' असं म्हणायचं नाही, 'ती बोटातली अंगठी फिरवत राहते' असं म्हणायचं. नेटफ्लिक्सने ही सोय २०१५ साली सुरू केली ती 'डेअरडेव्हिल' या मालिकेपासून. त्या मालिकेचा नायकच अंध आहे, आणि तरी पहिल्या दिवशी ती आली तेव्हा अंध प्रेक्षकांसाठी वर्णन नव्हतं. लोकांनी आवाज उठवला, मग ते जोडलं गेलं. आमच्यासाठी वर्णन असलेले सिनेमे अजून फार थोडे आहेत. म्हणून मावशी तुमच्याकडे कान लावून बसते. आणि तुम्ही तिला 'भारी' म्हणून सांगता.

आता एकेका शब्दाकडे येते. 'संथ' हा शब्द आपण सगळ्यात जास्त वापरतो आणि सगळ्यात कमी उलगडून सांगतो. सिनेमा संथ वाटण्याची कारणं एकमेकांहून फार वेगळी असतात. कधी दृश्यातून कळायचं ते कळून झालेलं असतं, तरी कात्री चालत नाही. ती संकलनातली ढिलाई. कधी एकच गोष्ट तीन प्रसंगांतून तीनदा सांगितली जाते. तो पटकथेतला दोष. कधी दर दोन सेकंदाला कॅमेरा बदलत असतो, गाड्या उडत असतात, आणि तरीही जांभया येतात, कारण पडद्यावरच्या कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. असा सिनेमा वेगवान असूनही लांबतो.

आणि कधी दिग्दर्शक जाणूनबुजून थांबलेला असतो. माणूस खोलीतून निघून गेलाय, पण कॅमेरा रिकाम्या खोलीतच आहे. जपानचे यासुजिरो ओझू दोन प्रसंगांच्या मधे अशा निर्मनुष्य जागा ठेवत. वाळत घातलेले कपडे, रिकामा बोळ, कुठेतरी धूर सोडणारी चिमणी. त्यांचा कॅमेरा जमिनीलगत असे आणि बहुतेक वेळा जागचा हलत नसे. पहिल्यांदा पाहताना मला त्याचा कंटाळा आला होता, हे मी मोकळेपणाने सांगते. नंतर कधीतरी लक्षात आलं, की आधीच्या प्रसंगात काय झालं हे मनात मुरायला ती जागा दिलेली आहे. तुम्हाला ती आवडावी असा माझा आग्रह नाही. पण ढिलाई आणि थांबणं या दोन्हींना 'संथ' या एकाच पोत्यात कोंबलंत, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? त्याऐवजी घड्याळ बघावंसं नेमकं कुठे वाटलं, तेवढं सांगा. 'कोर्टातला प्रसंग वीस मिनिटं चालतो आणि त्यात आपल्याला आधीच माहीत असलेलंच बोलतात' असं एक वाक्य लिहिलंत, की मला सिनेमाही कळतो आणि तुमचा वैतागही.

'अभिनय कसदार' या शब्दांचंही तसंच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार तुकडा घेतला आणि तो वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. कधी त्याच्यापुढे सूपची थाळी, कधी शवपेटी. चेहरा तोच, चित्रफितीचा तुकडा तोच. प्रेक्षकांनी मात्र नटाची वाहवा केली, असं कुलेशोव्हचे शिष्य पुदोव्हकिन यांनी लिहून ठेवलं आहे. भूक काय दाखवलीय, दुःख काय दाखवलंय! आज ती मूळ चित्रफीत उरलेली नाही. पण त्यातली गोष्ट रोज आपल्यासमोर घडत असते. आपल्याला नटाचा वाटणारा क्षण पुष्कळदा संकलकाचा असतो, ध्वनी-आरेखकाचा असतो, खिडकी कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या छायालेखकाचा असतो. म्हणून 'काय अभिनय केलाय' म्हणण्याआधी त्या क्षणी पडद्यावर काय होतं, त्याच्या आधी काय होतं, पार्श्वसंगीत चालू होतं की थांबलं होतं, हे एकदा आठवून बघा. श्रेय कुणाला द्यायचं ते त्यातून आपोआप कळत जातं. आणि मग शेवटची नावं सरकत असताना उठून जावंसं वाटत नाही.

काही जण म्हणतील, आम्ही काय समीक्षक आहोत का? आम्हाला वाटलं ते आम्ही सांगितलं. अगदी बरोबर. पण ज्यांचं कामच समीक्षा करणं होतं, त्यांचे निकाल तरी कुठे टिकले? १९५८ साली 'पथेर पांचाली' न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला, तेव्हा तिथल्या सर्वांत वजनदार वृत्तपत्राच्या समीक्षकाने म्हटलं, की एवढी सैल बांधणी आणि एवढी मंद गती असलेला सिनेमा हॉलिवूडचे संकलक कच्ची जुळणी म्हणूनही जेमतेम मान्य करतील. त्याच शहरात तो सिनेमा पुढे कित्येक महिने चालला. हिचकॉकचा 'व्हर्टिगो' १९५८ सालचाच. त्याचं तेव्हा थंडं स्वागत झालं. २०१२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो पहिला आला. आपल्याकडे १९५९ साली 'कागज़ के फूल' पडला आणि गुरुदत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा कुठल्याही सिनेमाला लावलं नाही. आज त्याच सिनेमातला तो प्रकाशाचा झोत, रिकाम्या स्टुडिओत वरून तिरका उतरणारा, छायालेखन शिकणाऱ्यांना दाखवला जातो. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी तो आरशांवरून परावर्तित केलेल्या उन्हातून साधला होता.

मला कधी कधी वाटतं, १९५९ साली तो सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या एखाद्याने त्या दिवशी घरी जाऊन एवढंच सांगितलं असेल का, की 'काही कळलं नाही, पण अंधारात वरून एक उजेडाचा खांब उतरला आणि त्यात ती दोघं उभी होती'? असं कुणी म्हटलं असेल, तर ते वाक्य आजही खरं आहे. 'पडेल सिनेमा' हे वाक्य मात्र टिकलं नाही.

मत बदलण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपण त्याला कमीपणा समजतो. १९६७ साली 'बॉनी अँड क्लाइड' आला तेव्हा 'न्यूजवीक'चे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी तो झोडपून काढला. त्यानंतर ते पुन्हा जाऊन भरलेल्या थिएटरात बसले, लोकांमध्ये बसून पाहिला, आणि पुढच्याच अंकात त्यांनी छापलं की आपलं आधीचं परीक्षण अन्यायकारक आणि चुकीचं होतं. लाखो लोक वाचतात अशा साप्ताहिकात त्यांनी हे केलं. आपण चार मित्रांत केलेलं विधानही मागे घ्यायला तयार नसतो! पहिला खेळ पाहून बाहेर पडताना पायऱ्यांवरच निकाल द्यायचा, आणि मग वर्षभर तोच लढवत राहायचा. 'शोले'च्या पहिल्या दिवसांत थिएटरातली शांतता पाहून जाणत्या लोकांनी सिनेमा पडला असं धरलं होतं. ती शांतता नापसंतीची नव्हती, लोक थक्क होऊन बसले होते. स्वतःच्या आत जे झालंय त्याला नाव द्यायला कधी कधी दोन दिवस लागतात. तेवढे द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. सिनेमा कुठे आणि कसा पाहिलात ते सांगा. मोठ्या पडद्यावर, अंधारात, चारी बाजूंनी आवाज येत असताना पाहिलेला सिनेमा आणि दुपारच्या उजेडात तळहाताएवढ्या फोनवर पाहिलेला सिनेमा, या दोघांचं नाव तेवढं एक असतं. रात्रीची दृश्यं फोनवर नुसती काळी दिसतात, मग 'काहीच दिसत नाही, छायालेखन वाईट' असं मत पडतं. संवादाच्या मागे दूरवर चाललेला एखादा आवाज फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. टीव्हीचंही एक आहे. बोलपट आल्यापासून सिनेमा साधारण सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, दाखवला जातो. हालचालीला जो एक सिनेमाचा पोत येतो, तो त्यातूनच. नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुतेक वेळा आधीपासून चालू असते. तो टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या मनाने नव्या चौकटी घालतो, आणि मोठ्या मेहनतीने टिपलेला सिनेमा घरगुती व्हिडिओसारखा दिसायला लागतो. २०१८ साली टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी मुद्दाम एक व्हिडिओ करून ही सोय बंद करा असं प्रेक्षकांना विनवलं होतं. तुम्ही आजच तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. आणि तो सिनेमा तीन बैठकांत पाहिला असेल, मधे दोन फोन घेतले असतील, डब केलेला पाहिला असेल, तर तेही लिहा. त्याने तुमच्या मताची किंमत कमी होत नाही, उलट आम्हाला ते नीट वाचता येतं.

रहस्य फोडण्याबद्दल तुम्ही आधीपासून काळजी घेता, त्याचं मला कौतुक आहे. ही काळजी जुनी आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांच्या १९५५ सालच्या 'ले दियाबोलिक'च्या शेवटी पडद्यावर विनंतीच येते, की मित्रांच्या आनंदावर विरजण घालू नका, काय पाहिलंत ते त्यांना सांगू नका. हिचकॉकने १९६० साली 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला. पण या भीतीने आता दुसरं टोक गाठलंय. शेवट फुटेल म्हणून आपण काहीच सांगत नाही, आणि मग हातात फक्त विशेषणं उरतात. अहो, पहिल्या वीस मिनिटांत सांगण्यासारखं किती असतं! एखादा माणूस दारातून आत कसा येतो, कुठल्या खुर्चीत बसायचं टाळतो, त्याच्या घरात कुठला आवाज सतत चालू असतो. यातून कुणाचंच रहस्य फुटत नाही. शर्टाच्या बटणाने मावशीचा सिनेमा बिघडला नाही. तो प्रसंग आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. तिला तो कधी येतो याची वाट पाहायची होती.

आवडत्या नटाच्या बाजूने आणि नावडत्याच्या विरुद्ध जे रण माजतं, त्याबद्दल फार लिहीत नाही. सिनेमा न पाहता दिलेला एक तारा काय आणि न पाहता दिलेले पाच तारे काय, दोन्ही मावशीच्या उपयोगाचे नाहीत. गल्ल्याचे आकडेही नाहीत. कुणी तिला किती कोटी झाले ते सांगितलं तर ती विचारते, "आणि तो मुलगा शेवटी घरी परत गेला का?"

एवढं मात्र नक्की सांगेन, की एक दृश्य नीट सांगितलं की भांडणंसुद्धा चांगली होतात. माझी एक मैत्रीण आणि मी एका सिनेमावरून महिनाभर एकमेकींशी नीट बोलत नव्हतो. तिला तो खोटा वाटला होता, मला खरा. दोघी तेच ते बोलत होतो. मग एक दिवस ती म्हणाली, "त्या आईला मुलाची बातमी कळते, तेव्हा ती आधी गळणारा नळ घट्ट करते आणि मग बसते. मला ते बघून वाटलं की हे लिहिणाऱ्याला सुचलंय, तिला नाही." मी म्हटलं, "माझ्या घरी बातमी आली तेव्हा आईने आधी कपाटाचं उघडं दार लावलं होतं." ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस." तिचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण त्या नळाबद्दल आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.

तर आता माझंच एक काम तुमच्याकडे आहे. मागच्या महिन्यात मी एक सिनेमा पाहिला. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न अगदी शेवटाचा आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांना खुणेवरून ओळखू येईल. दोन बहिणी, बोटीचा धक्का, पाऊस, आणि दोघींत एकच छत्री. मोठी बोटीत चढते, धाकटी धक्क्यावर राहते, मग बोटीचा भोंगा आणि काळा पडदा. मी बाहेर आले आणि त्याच रात्री त्यावर चारशे शब्द लिहिले. पटकथा, संगीत, दोघींचा अभिनय, सगळ्यावर. दुसऱ्या दिवशी मावशीला शेवट सांगत होते, तेव्हा तिने विचारलं, "छत्री कुणाकडे राहिली?"

मला आठवेना. त्या क्षणी मी पडद्याकडे पाहत होते, पण डोक्यात पहिलं वाक्य जुळवत होते. सिनेमा आता कुठेही चालू नाही, घरी बघायची सोय अजून झालेली नाही. मावशी रोज विचारते. तिच्या मते मोठीने छत्री नेली असेल तर तो एक सिनेमा आहे आणि धाकटीच्या हातात ठेवली असेल तर दुसरा. तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर मला तेवढं कळवा. आणि छत्री उघडी होती की मिटलेली, तेही.

आपली,
एक प्रेक्षक